बाशिंगातली शर्यत

होळीनंतरचा दुसरा रविवार, २००७. अकोल्यातलं एक दुमजली घर, खालची बैठकीची खोली.

हजर: आबाजी, भातकुली तालुक्यातले शेतकरी, वय ऐंशीच्या जवळपास, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी. त्यांची लेक, जिच्या घरी आम्ही जमलो होतो. तिचे सासरे, म्हणजे आबाजींचे इवाई. कॉलेजचा प्रोजेक्टर बडनेऱ्यापासून मांडीवर घेऊन आलेला माझा नवरा. आणि मी. जावई ड्यूटीवर, म्हणून गैरहजर. शेजारच्या दोन बायका कोणी न बोलावता हजर, आणि सर्वांत पुढे बसलेल्या.

खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर आणि देवांच्या तसबिरी काढून मधली जागा मोकळी केली होती. चार वाजता लाइन जाणार होती, म्हणून त्याच्या आत सगळं आटपायचं ठरलं होतं. दाखवायचं काय, तर अर्ध्या मिनिटाहून कमी लांबीची एक शर्यत. तिची फिल्म आम्हाला सापडली होती बैलांच्या बाशिंगात.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते आणि मूकपटांच्या काळातल्या तुकड्यांवर काम करते. पूर्ण चित्रपटांवर नाही. पूर्ण चित्रपटांना त्यांची माणसं भेटतात, त्यांच्यावर ग्रंथ होतात, महोत्सव होतात. तुकड्याला कोणी विचारत नाही. त्याला नाव नसतं, सुरुवात नसते. एक बाई विहिरीवर येते, पोहरा सोडते, मान वळवते, आणि संपलं. कोणाकडे वळवली ते कधीच कळणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट मजा वाटते. गोष्ट असली की आपण तिच्या मागे धावतो. ती नसली की बाकीचं दिसायला लागतं: विहिरीच्या काठावर दोराने पडलेली खाच, मागून निवांत जाणारं कुत्रं, कॅमेरा बघून पदर सावरणारी दुसरी बाई. माझे एक सहकारी म्हणतात, हे म्हणजे पंगतीत न बसता नुसत्या पत्रावळी गोळा करणं झालं. म्हणोत बापडे. पत्रावळीवरून काय काय वाढलं होतं ते बरंच कळतं.

असे तुकडे कुठे सापडतील याची मी एक यादी केली होती. बंद पडलेली थिएटरं, जत्रेतल्या तंबू-सिनेमावाल्यांची घरं, जुने फोटो स्टुडिओ, भंगारवाले. वर्षभरात सगळ्यांना भेटून झालं आणि पदरात फार काही पडलं नाही. मग एका संध्याकाळी इतवारा बाजारात पणत्या घ्यायला गेले असता शेजारच्या दुकानात पोळ्याचं सामान दिसलं. कवड्यांच्या माळा, बेगड, रंगीत गोंडे. तिसऱ्या पिढीचे मुस्लिम दुकानदार. सवयीने त्यांनाही विचारलं, जुन्या रिळाचे तुकडे कधी पाहिले का?

"रीळ? अहो मॅडम, हमारे अब्बा तर बाशिंगाला लावत होते ती," ते म्हणाले. "झालर करून. उन्हात अशी चमके ना, बैल दुल्हा दिसे. आता कुठं मिळते? आता ही प्लास्टिकची पन्नी." मग गोंडे आवरत म्हणाले, "भातकुलीकडचे एक बुजुर्ग आहेत. दर दोन-तीन साल बाशिंग दुरुस्तीला आणतात. पण झालरीला हात लावू देत नाहीत. बोलते हैं, गोंडे बदल, तिला नको छेडू."

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. यादीत 'बैल' हे खातंच नव्हतं. ते त्याच दिवशी घातलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी त्या गावात उतरले. गळ्यात कॅमेरा होता, ती चूक. पारावर बसलेल्यांपैकी एकाने लांबूनच विचारलं, "कोण्या च्यानलचे?"

"चॅनलची नाही. कॉलेजात शिकवते."

"मंग सर्व्हे असन. आमच्या गावात यंदा कोणी काही केलं नाही, म्याडम. पुढच्या गावात जा. तिथं गाड्याच गाड्या उभ्या हायेत."

रागाने नव्हतं. पुढची एसटी कधी आहे ते सांगावं, तसं सांगितलं. त्या वर्षांत वऱ्हाडात कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट, आत्महत्येची, विचारायला येई, आणि गावांनाही उत्तर पाठ झालं होतं.

"मी बैलाचं बाशिंग बघायला आले," मी म्हटलं.

मग एक जण हसला. "बाशिंग? पोळा कुठी, तुमी कुठी!"

"जुनंच बघायचं आहे. फिल्मची झालर आहे म्हणे कोणाच्या तरी घरी."

"आबाजीकडे! चाला!" आणि अख्खा पार उठला. मला पोहोचवायला एक माणूस पुरला असता, पण सगळेच आले. वाटेत एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "काय झालं वो, काहून चालले सारे?" त्यावर पुढच्याने ऐटीत उत्तर दिलं, "काही झालं नाही, काकी! ही बाई बैलाचा साज पाहाले आली!"

आबाजींनी पेटी उघडली. निंबाचा पाला, त्याखाली जुनं लुगडं, त्याखाली दोन बाशिंगं. कागदी फुलं विटली होती, गोंडे नवे होते, आणि खालच्या कडेला वीत वीत लांबीच्या तपकिरी पट्ट्यांची दाट झालर. मी बाशिंग खिडकीशी नेलं. एका पट्टीत अकरा-बारा चित्रं होती, प्रत्येक चित्रात धावणारे बैल. दोन जोड्या, दोन हलके छकडे, मागे माणसांची भिंत. शंकरपट. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, आणि मला ठाऊक असलेल्या कुठल्याही जुन्या फिल्मवर तो नव्हता.

पहिलं काम मी विस्तवाचं केलं. "पोळ्याला बैलांना ओवाळता का?"

"म्हंजे? ओवाळणार नाही त काय?" आबाजींची सून म्हणाली. "निरांजन, कापूर, सारं. मीच ओवाळते."

मी सांगितलं की ही जुनी फिल्म कापसापासून करत, कापूस आणि तेजाब, आणि ती फटाक्याच्या दारूसारखी पेट घेते. सुनेने तोंडावर हात ठेवला. आबाजी मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते.

"कापसापासून?"

"हो."

"म्हंजे आपलाच कापूस विलायतेत गेला, अन् आपलेच बैल बनून वापस आला." त्यांनी एक पट्टी बोटाने उचलून उजेडात धरली. "त्या टायमाले भाव बरा देत असतीन."

पार मनापासून हसला. दारात, खिडकीत, सगळीकडे पारच होता.

मग त्यांनी हकिकत सांगितली. त्यांचे वडील धुरकरी होते, पटात छकडा हाकणारे. एका वर्षीच्या जत्रेत त्यांची जोडी आणि अकोल्याकडची एक जोडी शेवटपर्यंत बरोबरीने आली. पंचांचं एकमत झालं नाही, आणि दोन्ही गावांनी आपापला विजय आपापल्या घरी नेला. त्याच जत्रेत तंबू-सिनेमावाला होता. हे लोक दिवसा जत्रेचीच चित्रं काढत आणि पुढल्या खेपेला तंबूत दाखवत, म्हणजे स्वतःला बघायला लोक तिकीट काढत. त्याने शर्यत टिपली होती. तो म्हणाला, पुढच्या साली माझं यंत्र सांगेल कोण जिंकलं ते. पुढच्या साली तो आला, तंबू भरला, आणि यंत्राने फिल्म चावली. कुठे फाटली, कुठे अडकली. लोकांनी तंबूच्या दोऱ्या कापल्या. त्याने कंटाळून ते भेंडोळं आबाजींच्या आईच्या ओटीत टाकलं. तिने आणि तिच्या जावेने कात्रीने वीत वीत कापून बाशिंगांना लावलं. चमकणारी वस्तू बैलाच्या कपाळावर जाणार, दुसरं काय.

"झालर इतकीच आहे?" मी विचारलं.

"अर्धी. दोन बाशिंगं पोरीसंगं गेले. लग्नात बैलजोडी आंदण देल्ली, साजासकट."

"कुठे दिली लेक?"

आबाजी लुगड्याची घडी घालू लागले. सूनच हसत म्हणाली, "त्याच घरी, म्याडम! ज्याइच्यासंगं पट झाल्ता, त्याइच्याच घरी!"

म्हणजे आबाजींच्या इवायांचे वडील हे दुसरे धुरकरी. तीस वर्षं दोन्ही म्हातारे प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्यात एकमेकांना तोच पट ऐकवत आले होते.

मी आनंदाने म्हटलं की मग सोपं आहे, दोन्ही अर्धे आणू, जोडू, आणि निकाल बघू. आबाजींनी बाशिंग माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

"आमची झालर न्या. फोटो काढा. पण तिकडच्या झालरीले जोडू नका."

"का हो?"

त्यांनी पाराला बाहेर काढलं, मग बोलले. "बाप गेला तवा मी रांगत होतो. मायनं मले ह्या एका गोष्टीवर मोठं केलं. नापिकी झाली, म्हणे, तू पट मारणाऱ्याचा लेक आहेस. भाऊबंद भांडले, म्हणे, तू पट मारणाऱ्याचा लेक. ह्या दोन-तीन सालात मी सोताले तेच सांगून रायलो. आता तुमी जोडसान, अन् तिथं दुसराच निंघाला पुढं, त मी कोणाचा लेक?"

मी झालर मऊ कापडात गुंडाळली आणि कबूल केलं की त्यांच्या परवानगीशिवाय जोडणार नाही.

अकोल्याला मात्र गेले. नुसतं बघायला, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. आबाजींच्या लेकीने दार उघडलं आणि माझं बोलणं संपायच्या आत माळ्यावर चढून बाशिंगं खाली आणली.

"घेऊन जा, म्याडम. जोडा, दाखवा, कायचा तो सोक्षमोक्ष लावा. माहेरी गेली का बाबा सुरू, सासरी आली का मामंजी सुरू. भाजी वाढू का पट ऐकू?"

आतून इवाई आले. गोरेपान, काठी टेकत, आवाज खणखणीत. "तुमचे आबाजी भेले असतीन," ते म्हणाले. "मले काही भेव नाही. आमची जोडी पुढं होती. माहा बाप छातीठोक सांगे."

"त्यांनी जोडायला नाही म्हटलंय."

"म्हणनच त!"

लेकीने तिथल्या तिथे गावातल्या एसटीडीवर फोन लावून आबाजींना बोलावून घेतलं. मला एकच बाजू ऐकू येत होती. "बाबा, म्याडम आल्या हायेत… नाही, काही जोडलं नाही… ऐका न… तुमी हारले त मामंजी एक दिवस चिडवतीन. तीस वर्सं चिडवूनच रायले न ते? नवीन काय होणार हाय?… मी हावो न इथं… हाव. पुरणपोळी करतो, या." फोन ठेवून ती म्हणाली, "येतो म्हणते. पण त्याइच्यासमोरच दाखवा लागन. आधी कोणाले सांगाचं नाही."

मग दीड महिना काम. टाके उसवणं, काजळी आणि हळद-कुंकू कापसाच्या बोळ्याने टिपणं, काचेखाली दिवा लावून प्रत्येक चित्राचा फोटो काढणं, ते संगणकावर ओळीने लावणं. क्रम लावायला मी बैलांकडे बघितलंच नाही. दोघी जावांच्या हाताने मला सोडवलं: कात्री प्रत्येक वेळी थोडी तिरकी गेली होती, आणि एका पट्टीचा तिरपा शेवट दुसरीच्या सुरुवातीत बरोबर बसत होता. नवरा संध्याकाळी बटाटे चिरता चिरता येऊन बघे आणि म्हणे, "ही इकडे बसते बघ," आणि बहुतेक वेळा ती तिकडे बसत नसे. भातकुलीची पट्टी, अकोल्याची पट्टी, पुन्हा भातकुलीची, असं ते विणत गेलं. निकालाच्या बाजूची टोकं मी मुद्दामच मोठी करून बघितली नाहीत. आबाजींच्या आधी बघणं बरं वाटेना.

तर तो रविवार. पुरणपोळ्या झाल्या. इवाईंनी आबाजींना आग्रह करून करून तुपाची वाटी संपवायला लावली आणि म्हणाले, "घ्या, इवाईबुवा, पोट भरून घ्या. मंग घास उतरणार नाही."

"मले उतरते," आबाजी म्हणाले. "तुमच्या घरची पोळीच जरा जाड असते."

"बाबा!" लेक ओरडली.

मी प्रोजेक्टर सुरू केला. भिंत पांढरी झाली, मग थरथरली, आणि तिच्यावर धुळीचा एक लोट उठला. डाव्या कोपऱ्यातून दोन जोड्या आल्या. आबाजींच्या घरच्या एका बैलाचं शिंग मोडकं होतं, हे दोन्ही घरांना पाठ होतं, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. जोड्या जवळ आल्या, मोठ्या झाल्या, आणि पहिल्यांदाच धुरकऱ्यांचे चेहरे दिसले.

दोघांपैकी एकाचंही लक्ष बैलांकडे नव्हतं. दोघेही मान वळवून, तोंडाचा आ करून, कॅमेऱ्याकडे बघत होते.

मोडक्या शिंगाच्या जोडीमागचा पोरगा जेमतेम विशीचा. पागोटं कानावर घसरलेलं, कासरा ढिला, आणि चेहऱ्यावर जत्रेत हरवलेल्या मुलाचं नवल. दुसरा त्याच्याहून वरचढ: तो यंत्राकडे बघत चक्क हात हलवत होता. बैल बिचारे आपले आपण धावत होते.

"आबे, समोर पाह्य न!" आबाजी ओरडले. "समोर पाह्य, बुवा! बैल कुठी चालले!"

"हात काहून हालवते हा?" इवाई काठी आपटत म्हणाले. "कासरा धर, कासरा! लेकाचा हात हालवून रायला!"

आणि मग भिंत पुन्हा पांढरी. संपलं.

पुढे बसलेल्या बायकांपैकी एक आधी हसली. मग लेक, मग सगळेच. आबाजी तर असे हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. "माय म्हणे, वाघासारखा बसला होता," ते म्हणत होते. "वाघ! हा त माह्या नातवाहून लहान हाय! परत लावा, म्याडम."

मी परत लावलं. पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी दोघे म्हातारे आपापल्या बापाला रागावत, आणि आबाजी प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकत, शेवटी भिंतीपासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. बापाचा चेहरा त्यांच्या सदऱ्यावरून धावत गेला.

"पण जिंकलं कोण?" नवऱ्याने विचारलं. त्याला व्यवहार कळतो.

मी शेवटचं चित्र थांबवून ठेवलं. मोडक्या शिंगाचा बैल एका नाकाने पुढे होता. पण पलीकडे निशाणाची काठी दिसत होती, आणि तिथवर अजून बरीच जमीन शिल्लक होती. शेवटच्या पट्टीचं टोक कापलेलं होतं. म्हणजे पुढे आणखी पट्ट्या होत्या.

लेकीने कपाळावर हात मारला. "मायबाई! ननंदेच्या लग्नात गोऱ्हा देल्ला होता न आंदण! त्याच्या बाशिंगाले झालर कमी पडली, त मीच आपल्यातून तोडून लावली!"

नणंद दर्यापूरकडे दिलेली. तिला फोन झाला. बाशिंग आहे, पेटीत आहे. पण पेटीची किल्ली तिच्या सासूबाईंकडे, आणि सासूबाईंचं म्हणणं असं, की सोयरिकीत दिलेला साज मागायचा तर देणाऱ्या घरच्या वडील माणसाने पाहुणा म्हणून यावं, जेवावं, आणि मग बोलावं. फोनवर साज मिळत नसतो. यात चूक काही नाही. देणारं घर म्हणजे अकोल्याचं, आणि वडील माणूस म्हणजे इवाई.

त्याला आता सहा आठवडे झाले. आधी जोडू नका म्हणणारे आबाजी दर दोन-चार दिवसांनी गावातल्या एसटीडीवरून फोन करतात. "म्याडम, कवा निंघाचं? मी तयारच आहो. हारला त हारला, पण पाहू त द्या तो समोर पाह्यते का नाही." जोडीला ते दोन पायल्या तूर डाळही नेणार आहेत, दर्यापूरच्या विहिणीसाठी.

अडलं आहे इवाईंपाशी. ज्यांना काही भेव नव्हतं, त्यांचे गुडघे त्या रविवारपासून दुखायला लागले. एकदा ऊन फार होतं. एकदा गाडीतली पुढची सीट आबाजींना देणार का, यावर बोलणं थांबलं. आबाजींची लेक म्हणते, रोज दुपारी ते तिला ते शेवटचं चित्र संगणकावर लावायला सांगतात, चष्मा वर करून बैलांच्या नाकांकडे बघतात, आणि म्हणतात, "जमीन लय बाकी हाय अजून."

जीप सांगून ठेवली आहे. ड्रायव्हर ठरला आहे, वाटेतलं जेवण ठरलं आहे, विहिणीचं लुगडं मी स्वतः आणलं आहे. इवाईंना जीपमध्ये बसवणं तेवढं बाकी आहे.